पडद्याच्या कडेची टोपी

वागाडुगू,
मंगळवार, १४ जानेवारी

माझ्या धाकट्या नवऱ्या नोबिला,

सकाळ बरी उजाडली का? घर कसं आहे, काम कसं आहे, अंग कसं आहे, अबिजानच्या त्या दमट हवेत झोप लागते का? इकडे सगळं ठीक. तुझा थोरला भाऊ अरझुमा ठीक, मी ठीक, कोंबड्या ठीक, आणि धूळ तर मजेतच आहे. उत्तरेचा वारा चार-पाच दिवस थांबलेला नाही. समोरचं कडुलिंबाचं झाड आहे की नाही, ते हात लावून बघावं लागतं. दुपारी रस्त्यावरून माणसं जातात ती पाय नसल्यासारखी तरंगत जातात. मी खिडकीत बसून लिहिते आहे, आणि ओळ संपेपर्यंत कागदावर बोट फिरवलं तर रेघ उठते.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू मला म्हातारी म्हणतोस, मी तुला बिनकामाचा नवरा म्हणते, दोघं हसतो आणि बोलायचं ते राहून जातं. भावजय-दिरानं एकमेकांची टिंगलच करायची, ही आपल्याकडची रीत. ती मोडायची तर कागदावर मोडलेली बरी. उद्या संध्याकाळच्या बसचा चालक ही चिठ्ठी आणि आमटीत घालायच्या सुंबाला मसाल्याची पुडी तुझ्या हातात देईल. पुडी आधी बरणीत बंद कर, नाहीतर वासानं तुझा घरमालक तुला बाहेर काढेल आणि नाव माझं होईल.

पारेनं तुला फोन केल्याचं कळलं. बाबांच्या क्रियेच्या दिवशी बाबांनीच तुला घरी बोलावलं, ते त्यानं तुला सांगितलं. तू रडलास, आणि रविवारच्या बसचं तिकीट काढलंस, तेही कळलं. पारेच्या पोटात काही राहतं का? सामो जमातीचा माणूस, थट्टेच्या नात्यानं आम्हा मोसींना जन्माचे गुलाम समजतो. अंगणातून ओरडतच आला, "ए गुलामाच्या बायको, तुझा धाकटा येतोय, भात जास्त टाक." मी म्हटलं, "कुत्र्याचं डोकं खाऊन आलास वाटतं, म्हणून इतका भुंकतोस." एवढं ऐकून त्याचा दिवस सार्थकी लागला. प्रोजेक्टर पुसत गात बसला.

तर तू येतोयस. छान आहे. त्याआधी कामाचं लिहिते, संस्थेच्या चिन्हाचं.

पुढच्या महिन्यात महोत्सव आहे आणि आपल्या संस्थेच्या तीन फिल्म्स त्यात आहेत. आयोजकांनी पुस्तिकेचा नमुना पाठवला. प्रत्येक संस्थेच्या नावाशेजारी तिचं चिन्ह, आणि आपल्या नावाशेजारी पांढरा चौकोन. खाली बारीक अक्षरात, 'चिन्ह मिळालेलं नाही'. कधी मिळणार? चिन्ह नाहीच आपल्याला. तू गेल्यापासून नाही.

तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नव्हतं. अबिजानचा तो साबण इथल्या बाजारात आला, आणि वडीच्या कागदावर आपल्या चिन्हातली, तूच काढलेली गाढवगाडी. तेच खाली घातलेलं डोकं, तोच एक कान मोडलेला, फक्त गाडीत पडद्याच्या गुंडाळीऐवजी साबणाचा फेस. बाबांनी वडी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "माझं गाढव धुणं धुतंय." बाजारातली माणसं हसली, कारण बाबा बोलले की हसायचं अशी सवयच होती सगळ्यांना. ते स्वतः हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी रॉकेल आणि खरवडणी घेतली. मोटारीच्या दारावरचं गाढव काढलं, पेट्यांवरचं काढलं. पडद्याच्या कोपऱ्यावर तू रंगवलेलं निघेना, तेव्हा कात्रीनं कोपराच कापला आणि माझ्याकडून शिवून घेतला.

मी तुला बोल लावत नाही. तू पोरसवदा होतास, अबिजानला नवा होतास. साबणवाल्यांना चित्र आवडलं, तू काढून दिलंस. गाढव काय जगात एकच असतं का, असं म्हणालास. बाबांचं एकच होतं. त्या गाडीत पडदा घालून ते पहिल्यांदा गावोगाव गेले होते, शहरातले वितरक आपल्या लोकांच्या फिल्म्सना दारात उभं करत नव्हते तेव्हा. मग त्यांनी ते वाक्य टाकलं, जे तुझ्यापर्यंत पोचवायला कोणी तयार नव्हतं आणि तरी पोचलंच: "गाढव परत आणेल तेव्हा यावं." आता लाखो वड्यांवर गेलेलं गाढव परत कसं आणायचं?

असो. आता संस्थेतली तरणी मंडळी लोगो, लोगो करून माझ्या मागे लागली आहेत. एकाला फिल्मचं रीळ हवं, एकीला क्लॅपची पाटी, एकाला मुखवटा, आणि सगळ्यांना मिळून आफ्रिकेचा नकाशा, त्याच्यामागे मावळता नारिंगी सूर्य. मी म्हटलं, अरे, सूर्य मावळताना तुम्ही कधी एवढा बघितलात, तुम्ही तर तेव्हा तारा जोडत असता. कॉम्प्युटरवर मी काढते आणि पुसते. सगळं गुळगुळीत होतं. दहा संस्थांना चालेल असं काहीतरी तयार होतं, म्हणजे कोणाचंच नाही असं. मला तुझ्या हाताची गरज आहे. येताना ब्रश घेऊन ये. चिन्हासाठी ये, असं समज.

अरझुमा हाक मारतोय. उद्या पुरं करते.

*

बुधवार, सकाळ

काल लिहिलेलं वाचलं. शेवटचा भाग खोटा आहे. फाडणार होते, मग म्हटलं राहू दे, आपली बायको किती सफाईनं थापा मारते ते तुला कळू दे.

चिन्ह झालं आहे. परवा संध्याकाळी सगळ्यांनी ते बघितलं आणि पसंत केलं. आयोजकांकडेही गेलं. तुझा ब्रश नको आहे.

कसं झालं ते सांगते, पण त्यासाठी क्रियेच्या दिवसापासून सुरुवात करायला हवी, आणि तिथेच माझं पाऊल अडतंय.

क्रियेला गेलेल्या माणसाचे कपडे घालून त्याचं सोंग घरच्या सुनेनं आणायचं, आणि थोरली सून मी. त्यामुळे बाबांचं सोंग माझ्याकडे आलं. आपल्या आईच्या वेळी धाकट्या काकूनं केलं होतं, तेव्हा तू हसून हसून चटईवर लोळला होतास आणि मग एकदम हुंदका फुटला होता, आठवतं? मी बाबांचा निळा झगा घातला. दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावला, गालात कोलाची बी धरली, काठी घेतली, डोक्यावर त्यांची ती सापोने गावची टोकदार टोपी ठेवली. टोपीच्या आत त्यांच्या डोक्याचा वास अजून होता, तेल आणि गरम झालेल्या प्रोजेक्टरचा. मी अंगणात आले. त्यांच्यासारखी खाकरले, त्यांच्यासारख्या शिव्या दिल्या, विजेच्या खात्याला दिल्या, पारेला दिल्या. लोक हसले, पण चांगल्या मनाची माणसं हसतात तसे. मला माहीत होतं की बाबा अजून आलेले नाहीत.

मग काय झालं कोण जाणे. धुळीनं उजेड दुधासारखा झाला होता, भिंत कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं ते दिसत नव्हतं. समोर बायका रांगेत बसल्या होत्या, अगदी सिनेमाला बसतात तशा. मी खाकरणं सोडलं, काठी टाकली. त्यांच्यासमोर जाऊन पाठमोरी उभी राहिले, मान किंचित डावीकडे, पडदा सरळ लागलाय का ते बघत. बस्स. काही बोलले नाही, काही केलं नाही. आणि मागून कोणीतरी ओरडलं, "बाबा, सरका! दिसत नाहीये!"

नोबिला, सगळं अंगण कोसळलं. म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. "सरका बाबा, सरका!" प्रत्येक गावात, प्रत्येक खेळाला, फिल्म सुरू झाल्यावर बाबांना पडदा वाकडा वाटायचाच, आणि ते प्रकाशाच्या झोतात जाऊन उभे राहायचेच. नायिका रडत असली तरी तिच्या पायाशी बाबांची टोपी. लोक ओरडायचे, ते मागे न बघता हात हलवायचे, आणि सरकायचे नाहीत. हसता हसता सगळी रडायला लागली. पाठमोऱ्या माणसाला कोणी इतकं ओळखू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं चिन्हं काढते आणि प्रत्येक वेळी काहीतरी भर घालत बसते.

रविवारी मी कॉम्प्युटर उघडला. एक पांढरा आडवा चौकोन काढला, आणि त्याच्या खालच्या कडेला काळी टोकदार टोपी, जरा डावीकडे कललेली. खांद्याची सुरुवात दिसते न दिसते, तिथे चौकोन संपतो. डोळे नाहीत, नाव नाही, गाढव नाही. रंग दोनच, आणि त्यातला एक तर नुसता पडदा. सोमवारी अंधार पडता पडता पारेनं अंगणात चादर बांधली आणि प्रोजेक्टर लावला. आफ्रिकेच्या नकाशावाली तरणी मंडळी हाताची घडी घालून उभी होती. पडद्यावर चिन्ह आलं. पारे प्रोजेक्टरमागून म्हणाला, "म्हाताऱ्या, सरक की, आता तरी सरक," आणि त्याचा आवाज चिरकला. बाकीची मग ओरडलीच. तुझा भाऊ उठून पडद्याजवळ गेला आणि सरळ करायला काही नसताना चादरीचं टोक ओढत उभा राहिला. त्याच्या डोक्याची सावली टोपीशेजारी पडली होती.

हे सगळं तुला आनंदानं सांगायचं होतं. पण सोंगाचं अर्धंच सांगितलंय मी.

लोक रडून थकले तेव्हा रीतीप्रमाणे एकेक जण बाबांशी बोलायला आला. कोणी म्हणालं, बाबा, मुलगी नापास झाली. कोणी म्हणालं, बाबा, शेजाऱ्यानं बांध सरकवला. मी उत्तरं देत होते, म्हणजे बाबा देत होते. मग पारे आला. घरच्या माणसाला जे विचारायची छाती होत नाही ते थट्टेच्या नात्यातला माणूस विचारतो, म्हणून तर सामो लोकांना आपण इतकं सहन करतो. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "गुलामा, सगळी पोरं दिसतायत, तुझा नोबिला कुठाय?"

अरझुमा जमिनीकडे बघत होता. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले.

आणि मी म्हणाले, बाबांच्या आवाजात म्हणाले, "बोलवा त्याला. गाढव त्याचंच होतं. मी नुसता हाकणारा."

तेच पारेनं तुला फोनवर सांगितलं. तेच ऐकून तू तिकीट काढलंस.

*

बुधवार, दुपार

जेवायला उठले होते. बाजरीचा घाटा आणि भेंडीची आमटी केली होती. अरझुमानं विचारलं, चिठ्ठीत एवढं काय लिहितेस? मी म्हटलं, तुझी गाऱ्हाणी. तो हसला आणि परत तुझ्या खोलीकडे गेला. तुझी खोली त्यानं उघडली आहे. दार फुगून बसलं होतं, ते तासून घेतलं. आता चुना लावतोय. तू त्याला ओळखतोस, रडणं नाही, बोलणं नाही, एखादी गोष्ट मनाला लागली की भिंत रंगवायला घेतो. त्याच्या केसांत चुना आहे आणि तो शीळ घालतोय. इतक्या वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

आता लिहिते.

पावसाळ्यात बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा एका सकाळी अरझुमा औषधाला गेला होता आणि मी त्यांचे पाय चेपत होते. मी विचारलं, "बाबा, नोबिलाला बोलवू?" ते म्हणाले, "नको."

तापात आहेत, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, त्यांनी घोटभर बाजरीचं झोमकोम घेतलं, चव कमी आहे म्हणून कुरकुर केली, म्हणजे पूर्ण शुद्धीत होते. मी परत विचारलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तालातो, मी काल ऐकलं होतं. नको." आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर ते तुझ्याबद्दल बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. त्या आठवड्यात गेले, आणि क्रिया रीतीप्रमाणे कोरड्या दिवसांपर्यंत थांबली. हे मी तुझ्या भावाला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही.

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला होता. अजून आहे. माझ्या हातानं जेवायचे, माझ्या हातानं फाटका पडदा शिवून घ्यायचे, जगाला हसवायचे, आणि स्वतःच्या पोरासाठी दोन अक्षरं, आणि तीही अशी. मी त्यांच्यावर प्रेम केलं, तुझ्यापेक्षा जास्त केलं असेल, कारण मी निघून गेले नाही. आणि म्हणूनच राग आला.

क्रियेच्या दिवशी मी ठरवून खोटं बोलले, असं लिहिलं की सोपं होईल. पण खरं सांगू? मी ठरवलं नव्हतं. पारेनं विचारलं तेव्हा टोपीच्या आत खूप गरम झालं, धुळीत समोरचे चेहरे विरघळून गेले, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघालेलं मीच ऐकलं. आवाज बाबांचा होता. ते शब्द मी आधी कधी मनात जुळवले नव्हते. नंतर दोन रात्री स्वप्नात बाबा दिसले. पडद्यासमोर पाठमोरे. मी मागून ओरडते, ते तुम्हीच बोललात का? ते नेहमीसारखा हात हलवतात, मागे बघत नाहीत.

थोरल्या काकांकडे गेले होते. त्यांना सगळं नाही सांगितलं, एवढंच विचारलं की सोंगातलं बोलणं कोणाचं असतं. ते अंगणात वाळूवर बोटानं रेघा काढत होते. म्हणाले, "टोपी ज्याची, बोलणं त्याचं. तू उसनं तोंड दिलंस, संपलं. आता मध्ये मध्ये करू नकोस." म्हणजे रीतीप्रमाणे सगळं मिटलं आहे. घराणं खूश आहे, पारे खूश आहे, तुझा भाऊ शीळ घालतोय. मी गप्प बसले तर कोणाचं काही बिघडत नाही.

पण मग रविवारी तू निघशील, सोमवारी पोचशील, आणि आंघोळ करून सरळ त्यांच्या थडग्यावर जाशील. पाणी ओतशील आणि म्हणशील, बाबा, तुम्ही मला माफ केलंत. मी तुझ्याशेजारी भांडं धरून उभी असेन. नोबिला, ते मला जमणार नाही. मी जन्मभर तुला म्हातारा, आळशी, बिनकामाचा म्हटलं, पण असं कधी फसवलं नाही. तू त्या माफीवर घर बांधशील, तुझ्या पोरांना सांगशील, आणि खाली काय आहे ते फक्त मला ठाऊक असेल.

आणि दुसरंही आहे, ते लिहायला लाज वाटते. सगळ्यांनी बाबांचं बोलावणं ऐकलं. माझं कोणी ऐकलं नाही. तू मला ओळखायला लागलास तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास, लग्नाच्या दिवशी माझं गाठोडं पळवून म्हणालास, "ही आता माझी पण बायको." ब्रश कसा धरायचा ते तू माझ्याकडून शिकलास आणि मग माझ्यापेक्षा चांगला धरलास. तुझं ते गाढव मला बाबांपेक्षा आधी आवडलं होतं. तुझं घरी येणं तुटलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही की तालातो, तुला काय वाटतं. बाप-लेकाचं भांडण, त्यात सुनेचं काय? मला वाटायचं ते असं की घरातली एक बाजू कोणीतरी कात्रीनं कापून नेली आणि शिवायला मला बसवलं.

तू नाराज होशील. तिकीट परत करशील कदाचित. अरझुमा विचारेल, तो का नाही आला, आणि मी त्याला हे सगळं सांगेन, मग तो चुन्याची बादली ठेवून देईल. ते मी बघेन. मला त्याची फार भीती वाटते आहे. तरी चिठ्ठी चालकाकडे देणार, वारा कितीही असो.

तुझ्यावरचा राग बाबांनी सोबत नेला. त्यांनी तुला बोलावलं नाही, शेवटपर्यंत नाही. मी बोलावते आहे. माझ्या स्वतःच्या कपड्यात, माझ्या स्वतःच्या तोंडानं. संस्थेला तुझी गरज नाही, चिन्हाला नाही, महोत्सवाला नाही. मला आहे, आणि तुझ्या भावाला आहे. एवढ्यावर येता येत असेल तर ये.

तुला बोलावणारी,
तालातो